अनोळखी दुकानातला गुमास्ता
एका सिस्टिमसाठी लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्या सिस्टिमवर कसा चालतो?

वर्षानुवर्षे रोजकीर्द, खतावणी आणि उधारीचा हिशोब ज्या प्रोग्रामवर चालला तो प्रोग्राम एके दिवशी अचानक उघडेनासा होतो. प्रोग्राम बिघडलेला नसतो. जुने यंत्र थकले म्हणून नवे आणले, नव्या यंत्रासोबत नवी ऑपरेटिंग सिस्टिम आली आणि दुरुस्तीसाठी आलेला मुलगा सांगून मोकळा झाला, "शेठ, हा प्रोग्राम या सिस्टिमवर चालत नाही, नवा घ्यावा लागेल." ज्याने प्रोग्राम लिहून दिला होता तो केव्हाच गाव सोडून गेलेला असतो किंवा त्याने धंदाच बदललेला असतो. दहा-पंधरा वर्षांच्या नोंदी मात्र त्या प्रोग्रामच्या पोटात अडकून राहतात.

व्यापाऱ्याच्या दृष्टीने हा मालकीचा प्रश्न आहे. आपण रोख पैसे मोजून घेतलेली वस्तू आपली आहे, की ती कोणा एका कंपनीच्या सिस्टिमपाशी गहाण पडलेली आहे? या प्रश्नाचे एक उत्तर संगणक क्षेत्रातील काही मंडळींनी गेली तीस वर्षे मेहनतीने तयार केले आहे. ते असे की, एका सिस्टिमसाठी बनलेला प्रोग्राम काडीचाही बदल न करता दुसऱ्या सिस्टिमवर चालवता येतो. मात्र त्यासाठी दुसऱ्या सिस्टिमने पहिलीची बोली शिकावी लागते. ही बोली कोणती, ती शिकताना कोणत्या चुका होतात आणि तिच्यावर किती विसंबावे, हे या लेखात पाहू.

प्रोग्रामची दोन रूपे

प्रोग्राम दोन रूपांत असतो. पहिले रूप माणसाने लिहिलेले व वाचता येणारे. त्याला सोर्स म्हणतात. दुसरे रूप यंत्राला समजणाऱ्या आकड्यांचे. त्याला बायनरी म्हणतात. सोर्स हाती असेल तर जाणकार प्रोग्रामर तो थोडाफार बदलून दुसऱ्या सिस्टिमसाठी नव्याने बायनरी बनवू शकतो. हे काम सोपे व्हावे म्हणून १९८८ साली पॉझिक्स नावाचे मानक ठरवण्यात आले. परंतु पॉझिक्सचा उपयोग ज्याच्याकडे सोर्स आहे त्यालाच होतो. बाजारातून प्रोग्राम विकत घेणाऱ्याला सोर्स मिळत नाही, फक्त बायनरी मिळते. तेव्हा आपला प्रश्न बायनरीचा आहे.

येथे एक शंका उपस्थित होते. दोन्ही यंत्रांत इंटेल जातीचाच प्रोसेसर असेल तर एकाची बायनरी दुसऱ्यावर का चालू नये? शंका रास्त आहे. बेरीज करणे, दोन आकड्यांची तुलना करणे, यादी लावणे ही कामे प्रोग्राम थेट प्रोसेसरकडून करून घेतो. त्यात ऑपरेटिंग सिस्टिमचा काही संबंध येत नाही. अडचण येते ती प्रोग्रामला काहीतरी मागावे लागते तेव्हा.

चिठ्ठी आणि घंटा

एखाद्या मोठ्या पेढीवरचा गुमास्ता डोळ्यांसमोर आणा. तो आपल्या जागी बसून हिशोब करू शकतो. पण तिजोरी उघडणे, गोदामातून माल काढणे, बाहेर निरोप पाठवणे या गोष्टींची त्याला मुभा नाही. त्यासाठी त्याने चिठ्ठी लिहून मुनीमजींकडे द्यायची आणि घंटा वाजवायची. मुनीमजी चिठ्ठी पाहून काम करतात आणि उत्तर परत देतात.

संगणकात प्रोग्राम हा गुमास्ता आणि ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो मुनीम. डिस्कवरची फाइल उघडणे, तिच्यात लिहिणे, नेटवर्कवरून माहिती पाठवणे, यातले काहीही प्रोग्राम स्वतः करू शकत नाही. तो कर्नलला विनंती करतो. या विनंतीला सिस्टिम कॉल म्हणतात. विनंती शब्दांत नसते, आकड्यांत असते. कोणते काम हवे त्याचा क्रमांक प्रोसेसरच्या ठरलेल्या कप्प्यात ठेवायचा, सोबतची माहिती ठरलेल्या जागी ठेवायची आणि एक खास सूचना देऊन कर्नलला जागे करायचे, एवढीच ही रीत आहे. लिनक्सच्या ६४ बिटी आवृत्तीत अशा कामांची यादी तीनशेहून अधिक क्रमांकांची आहे.

म्हणजे प्रोग्रामला लिनक्स हे नाव ठाऊक नसते आणि ती कंपनी की संस्था याच्याशीही त्याला कर्तव्य नसते. अमुक क्रमांक दिला की अमुक काम होते, एवढाच त्याचा भरवसा. जो कोणी हा भरवसा पाळील तो त्या प्रोग्रामचा मुनीम होऊ शकतो. दुसऱ्या सिस्टिमच्या सिस्टिम कॉलची हुबेहूब बतावणी करण्याचे सगळे तंत्र या एका गोष्टीवर उभे आहे.

आकडा तोच, अर्थ निराळा

सोपे वाटणारे हे काम किती जोखमीचे आहे ते प्रत्यक्ष उदाहरणावरून पाहू. लिनक्स आणि फ्रीबीएसडी या दोन सिस्टिम घ्या. दोन्ही युनिक्सच्या घराण्यातल्या, दोन्ही फुकट मिळणाऱ्या आणि दोन्ही इंटेलच्या यंत्रांवर चालणाऱ्या.

६४ बिटी लिनक्सवर क्रमांक १ चा अर्थ 'लिही'. फ्रीबीएसडीवर क्रमांक १ चा अर्थ 'काम संपवून निघून जा'. लिनक्सवर २ म्हणजे 'फाइल उघड'. फ्रीबीएसडीवर २ म्हणजे 'माझी दुसरी प्रत तयार कर'. लिनक्सवर ३ म्हणजे 'फाइल बंद कर'. फ्रीबीएसडीवर ३ म्हणजे 'वाच'. लिनक्सचा प्रोग्राम दुभाष्याशिवाय फ्रीबीएसडीपुढे उभा केला आणि त्याने पहिली ओळ लिहायला मागितली, तर मुनीमजी त्याला दारच दाखवतील.

असा प्रोग्राम लगेच बंद पडतो, त्यामुळे चूक निदान लक्षात तरी येते. खरी भीती लक्षात न येणाऱ्या चुकीची आहे. फाइल उघडताना ती कशासाठी उघडायची हेही आकड्यानेच सांगावे लागते. इंटेलच्या यंत्रावर लिनक्समध्ये १०२४ या आकड्याचा अर्थ 'आहे तो मजकूर ठेव आणि पुढची नोंद शेवटी जोड'. फ्रीबीएसडीत त्याच १०२४ चा अर्थ 'आतला सगळा मजकूर पुसून फाइल कोरी कर'. व्यापाऱ्याने याचा विचार करावा. गुमास्ता म्हणतो, खतावणीच्या शेवटी आजची नोंद करा. मुनीम ऐकतो, खतावणी पुसून टाका. आकडा एकच, गुमास्ताही प्रामाणिक आणि मुनीमही प्रामाणिक. तरी वर्षाचा हिशोब गेला.

उत्तरांचीही तीच कथा. लिनक्समध्ये ११ क्रमांकाची चूक म्हणजे 'आत्ता जमत नाही, थोड्या वेळाने पुन्हा विचारा' आणि ३५ म्हणजे 'दोघे एकमेकांसाठी अडून बसले आहेत, मार्ग नाही'. फ्रीबीएसडीमध्ये हे दोन आकडे बरोबर उलटे आहेत. तेथे ३५ म्हणजे पुन्हा विचारा आणि ११ म्हणजे मार्ग नाही. आकडे जसेच्या तसे पोचवले तर ज्या प्रोग्रामने क्षणभर थांबायचे तो हात टेकेल आणि ज्याने थांबायला हवे तो पुन्हा पुन्हा दार ठोठावत बसेल.

दुभाषी काय काय करतो?

फ्रीबीएसडीमध्ये लिनक्सचे प्रोग्राम चालवण्याची सोय १९९५ च्या सुमारास आली आणि आजही ती चालू आहे. तिचे काम पाच पायऱ्यांत सांगता येईल.

पहिली पायरी ओळख पटवण्याची. प्रोग्राम सुरू करताना कर्नल त्याच्या फाइलीचा आरंभीचा भाग वाचतो. ही फाइल कोणत्या सिस्टिमची, याची खूण बहुधा त्यात असते. खूण नसली तर प्रोग्राम सुरुवातीला कोणत्या मदतनीस फाइलीचे नाव घेतो त्यावरून घराणे कळते.

दुसरी पायरी यादी बदलण्याची. प्रत्येक चालू प्रोग्रामसोबत कर्नल सिस्टिम कॉलची एक यादी बांधून ठेवतो. फ्रीबीएसडीच्या प्रोग्रामला फ्रीबीएसडीची यादी, लिनक्सच्या प्रोग्रामला लिनक्सची. त्यामुळे एकाच यंत्रावर दोन्ही घरांचे प्रोग्राम शेजारी शेजारी चालतात आणि दुभाष्याचा भार स्वतःच्या प्रोग्रामांवर पडत नाही.

तिसरी पायरी चिठ्ठीच्या तर्जुम्याची. वर सांगितलेले १०२४ सारखे आकडे, फाइलीची लांबी, तारीख, मालक यांची माहिती ज्या क्रमाने मांडली जाते तो क्रम, हे सर्व एका पद्धतीतून दुसरीत बदलले जाते. मग मूळ काम फ्रीबीएसडीचा कर्नल आपल्या नेहमीच्या रीतीने करतो.

चौथी पायरी उत्तराच्या तर्जुम्याची. चुकांचे क्रमांक आणि प्रोग्रामला दिले जाणारे इशारे उलट दिशेने बदलावे लागतात. लिनक्समध्ये १० क्रमांकाचा इशारा प्रोग्रामच्या स्वतःच्या वापरासाठी राखलेला आहे. फ्रीबीएसडीत १० म्हणजे मेमरीच्या व्यवहारात मोठा दोष झाल्याची सूचना. हा तर्जुमा राहून गेला तर साधी हाक मृत्यूची वार्ता ठरते.

पाचवी पायरी भोवतालच्या देखाव्याची. लिनक्सच्या प्रोग्रामला लिनक्सच्याच मदतनीस फाइली लागतात. त्या फ्रीबीएसडीमध्ये 'कॉम्पॅट' नावाच्या वेगळ्या फोल्डरात ठेवतात. प्रोग्रामने एखादी फाइल मागितली की आधी तेथे शोधायचे, नसेल तरच मुख्य जागी पाहायचे. गुमास्त्याला आपण जुन्याच पेढीवर आहोत असे वाटत राहते.

या सर्वांत प्रोसेसरच्या सूचनांचा तर्जुमा कोठेही नाही. बेरीज-वजाबाकी थेट प्रोसेसरवर होते. फक्त मागणीच्या वेळी दुभाषी मध्ये येतो. म्हणून वेग जवळजवळ मूळ सिस्टिमइतकाच राहतो. संपूर्ण जुने यंत्र सॉफ्टवेअरमध्ये उभे करण्याची पद्धत वेगळी आणि त्यामानाने पुष्कळ सावकाश आहे.

धाकटा भाऊ मोठा झाला

या तंत्राचा इतिहास बाजाराच्या चढउताराचा आरसाच आहे. १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात लिनक्स नवखे होते. धंद्याचे प्रोग्राम एससीओ युनिक्ससारख्या विकतच्या सिस्टिमसाठी बनत. तेव्हा लिनक्सवाल्यांनी इंटेलच्या बायनरी मानकाचा आधार घेऊन एक जोड तयार केली. तिच्यामुळे एससीओसाठी बनलेले वर्डपरफेक्टसारखे प्रोग्राम लिनक्सवर चालू लागले. त्या काळी लिनक्स हा दुसऱ्याची बोली शिकणारा उमेदवार होता.

पुढे लिनक्सचा प्रसार झाला. मोठ्या कंपन्या लिनक्ससाठी प्रोग्राम बनवू लागल्या, पण फ्रीबीएसडीचे गिऱ्हाईक थोडे म्हणून त्यांच्यासाठी वेगळी आवृत्ती काढेनात. आता फ्रीबीएसडी शिकाऊ झाली. तिच्या अधिकृत हस्तपुस्तिकेत लिनक्ससाठी बनलेले ओरॅकल, मॅथेमॅटिका, सॅप यांसारखे प्रोग्राम फ्रीबीएसडीवर कसे बसवायचे याचे धडे एके काळी दिलेले असत. आणि २०१६ साली तर खुद्द मायक्रोसॉफ्टने विंडोज १० मध्ये लिनक्सचे प्रोग्राम चालवण्याची सोय जाहीर केली. ज्याला वीस वर्षांपूर्वी कोणी दारात उभे करीत नव्हते त्याची बोली बाजारातला सर्वात मोठा शेठ शिकू लागला.

येथे व्यापारी मंडळींनी एक खाचखळगा ध्यानात घ्यावा. दुसऱ्याचा माल आपल्या दुकानात उत्तम चालला तर आपला माल बनवायला कोणी येत नाही. आयबीएमची ओएस-२ ही सिस्टिम १९९२ पासून विंडोजचे प्रोग्राम चालवीत असे आणि चांगले चालवीत असे. मग प्रोग्राम बनवणाऱ्यांनी ओएस-२ साठी वेगळे कष्ट का घ्यावेत? विंडोजसाठी एकदा लिहिले की दोन्हीकडे खपते. ओएस-२ मागे पडण्याची कारणे अनेक होती, पण त्यांत हेही एक कारण गणले जाते. उसनी बोली आज गिऱ्हाईक टिकवते, उद्या स्वतःची पेढी रिकामी करू शकते.

मायक्रोसॉफ्टने घेतलेला धडा

मायक्रोसॉफ्टच्या त्या सोयीत लिनक्सचा कर्नल मुळीच नव्हता. विंडोजचा कर्नलच लिनक्सच्या चिठ्ठ्या वाचून कामे करीत होता. कंपनीकडे पैसा होता, हुशार माणसे होती आणि लिनक्सचा सोर्स सर्वांना खुला आहे. तरी अडचणी आल्या.

अडचण आकड्यांच्या तर्जुम्यात नव्हती, रीतिरिवाजांत होती. लिनक्समध्ये उघडी असलेली फाइल खोडता येते किंवा तिचे नाव बदलता येते. विंडोजमध्ये नेहमीच्या रीतीने असे करू देत नाहीत. लिनक्समध्ये छोट्या छोट्या हजारो फाइली पटापट उघडणे-मिटणे स्वस्त आहे; विंडोजमध्ये प्रत्येक वेळी अधिक सोपस्कार होतात. दुभाषी कितीही चांगला असला तरी ज्या घरात तो बसला आहे त्या घराच्या चालीपुढे त्याचे चालत नाही. फाइलींची कामे संथ झाली. काही सिस्टिम कॉल तयारच झाले नव्हते, त्यामुळे डॉकरसारखी साधने तेथे चालेनात.

अखेर मे २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने दुसरी आवृत्ती जाहीर केली. तिच्यात बतावणी सोडून खराखुरा लिनक्स कर्नल एका हलक्या आभासी यंत्रात चालवला जातो. ती २०२० साली सर्वांच्या हाती आली. कंपनीने स्वतःच सांगितले की, गुंडाळून ठेवलेली मोठी फाइल उलगडण्यासारखे काम नव्या पद्धतीत वीसपटीपर्यंत जलद होते. पहिली आवृत्ती अजून काढून टाकलेली नाही, पण भर दुसरीवर आहे.

यावरून तंत्र फोल ठरते असे मानू नये. फ्रीबीएसडी आणि लिनक्स एकाच घराण्यातल्या आहेत, त्यांचे रीतिरिवाज बरेच जुळतात, म्हणून तेथे दुभाषी तीस वर्षे टिकला. विंडोजचे घराणे वेगळे, म्हणून तेथे खर्च जास्त आला. दोन घरांत जेवढे अंतर अधिक, तेवढा दुभाष्याचा पगार अधिक, असा हा हिशोब आहे.

वाइनची निराळी वाट

उलट दिशेचे, म्हणजे विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवण्याचे काम वाइन या प्रकल्पाने १९९३ साली हाती घेतले. वाइनला वाट थोडी वेगळी धरावी लागली. विंडोजचे सिस्टिम कॉल क्रमांक मायक्रोसॉफ्ट जाहीर करीत नाही आणि नव्या आवृत्तीसोबत ते बदलतात. स्थिर असते ती त्याच्या वरची पायरी, म्हणजे विंडोजसोबत येणाऱ्या मदतनीस फाइली. साधारण प्रोग्राम थेट कर्नलशी न बोलता या फाइलींशी बोलतात. वाइनने त्या फाइलीच नव्याने लिहून काढल्या.

हे काम किती मोठे आहे हे एका गोष्टीवरून कळेल. वाइनची १.० ही पहिली पक्की आवृत्ती जून २००८ मध्ये निघाली, म्हणजे सुरुवातीपासून पंधरा वर्षांनी. पुढे व्हॉल्व या खेळांच्या कंपनीने वाइनच्या आधारे प्रोटॉन नावाचे साधन २०१८ साली आणले आणि २०२२ साली त्यावर चालणारे हातातले खेळयंत्र विक्रीस काढले. काही प्रोग्राम मात्र मदतनीस फाइली टाळून थेट कर्नलला हाक मारतात. त्यांना वाटेत अडवून वाइनकडे वळवण्याची सोय लिनक्सच्या कर्नलमध्ये २०२१ साली करण्यात आली. अट्ठावीस वर्षांनंतरही उरलेल्या फटी बुजवण्याचे काम चालूच होते.

हा खर्च एकदा करून संपत नाही. मूळ सिस्टिम पुढे सरकते, नवे क्रमांक येतात, प्रोग्राम नव्या आवृत्तीची मागणी करतात. फ्रीबीएसडी लिनक्सच्या प्रोग्रामला आपण लिनक्सची अमुक आवृत्ती आहोत असे सांगते. तो आकडा जुना राहिला तर नवा प्रोग्राम 'कर्नल फार जुना आहे' म्हणून चालण्यास नकार देतो. नुसता आकडा वाढवून भागत नाही, त्या आवृत्तीची कामेही करता यावी लागतात. ६४ बिटी लिनक्स प्रोग्राम चालवण्याची सोय फ्रीबीएसडीच्या पक्क्या आवृत्तीत २०१६ साली आली. तोवर बाजारात तसे प्रोग्राम येऊन बारा-तेरा वर्षे होऊन गेली होती.

कायदा काय म्हणतो?

दुसऱ्याच्या सिस्टिमची बोली शिकणे ही चोरी नव्हे काय, असा प्रश्न कोणी विचारील. दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्राम उतरवून घेणे आणि त्याच्याशी जुळेल असे स्वतः लिहिणे यांत फरक आहे. आपल्या देशाच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९९ च्या दुरुस्तीने कलम ५२ मध्ये एक तरतूद घालण्यात आली. कायदेशीर मार्गाने प्रोग्राम बाळगणाऱ्याने, स्वतंत्रपणे तयार केलेला दुसरा प्रोग्राम त्याच्याशी जुळावा म्हणून आवश्यक माहिती मिळवण्यासाठी केलेली कृती, ती माहिती अन्य मार्गाने सहज मिळत नसेल तर, कॉपीराइटचा भंग मानली जात नाही. अमेरिकेत ओरॅकल आणि गुगल यांच्यात जावा भाषेच्या जोडणीवरून अनेक वर्षे खटला चालला. तेथील सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२१ रोजी सहा विरुद्ध दोन मतांनी गुगलने केलेला वापर न्याय्य ठरवला.

मात्र एक गोष्ट विसरू नये. प्रोग्राम दुसऱ्या सिस्टिमवर चालू लागला म्हणून त्याचा परवाना फुकट झाला असे होत नाही. एका यंत्राचा परवाना घेऊन चार यंत्रांवर चालवणे पूर्वी गैर होते, आजही गैरच आहे. आणि काही परवान्यांत कोणत्या सिस्टिमवर चालवावे याची अट असते, ती वाचून घ्यावी.

आपल्या दुकानाचे काय?

आपल्याकडे पुष्कळ दुकानांत, अडतीच्या पेढ्यांवर आणि पतसंस्थांत एके काळी डॉसचे प्रोग्राम होते आणि काही ठिकाणी ते अजून तग धरून आहेत. डॉसमध्येही हीच चिठ्ठीची पद्धत होती: कामाचा क्रमांक कप्प्यात ठेवायचा आणि ठरलेली हाक द्यायची. ६४ बिटी विंडोजवर हे जुने १६ बिटी प्रोग्राम चालत नाहीत. ३२ बिटी विंडोजवर ते चालत, पण विंडोज ११ ही ३२ बिटी मिळतच नाही आणि विंडोज १० चे नेहमीचे पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. म्हणजे तो रस्ता आता बंद झाल्यासारखाच आहे.

दुसरा रस्ता फ्रीडॉसचा. १९९४ साली सुरू झालेल्या या प्रकल्पाने डॉसची सर्व कामे नव्याने लिहून काढली. ती फुकट मिळते आणि नव्या यंत्रात एक आभासी यंत्र उभे करून त्यात बसवता येते. डॉसबॉक्स हे साधनही प्रसिद्ध आहे, परंतु ते मुख्यतः जुन्या खेळांसाठी बनवलेले आहे. धंद्याच्या हिशोबासाठी ते वापरण्यापूर्वी छपाई आणि फाइलींची कुलपे नीट तपासावीत.

कोणताही रस्ता धरला तरी पुढील गोष्टी पाळाव्यात.

१. आधी प्रत, मग प्रयोग. मूळ नोंदींवर कधीही चाचणी करू नये. १०२४ चे उदाहरण आठवावे. पूर्ण डेटाच्या दोन प्रती वेगवेगळ्या जागी ठेवून तिसऱ्या प्रतीवर चाचणी घ्यावी.

२. प्रोग्राम उघडला एवढ्यावर समाधान मानू नये. नवी नोंद घालावी, जुनी दुरुस्त करावी, बिल छापावे, मार्चअखेरचा ताळेबंद काढावा आणि तो जुन्या यंत्रावरच्या ताळेबंदाशी पैशापर्यंत जुळवून पाहावा. दोन यंत्रांवरून एकाच वेळी नोंद होत असेल तर तेही करून पाहावे, कारण फाइलीचे कुलूप लावण्याच्या रीतीत सिस्टिमगणिक फरक असतो.

३. जुने यंत्र लगेच मोडीत काढू नये. निदान एक तिमाही दोन्हीकडे हिशोब चालवावा.

४. मिळालेल्या मुदतीत नोंदी बाहेर काढाव्यात. कोणत्याही प्रोग्रामला वाचता येईल अशा साध्या मजकुराच्या किंवा तक्त्याच्या रूपात त्या दरवर्षी काढून ठेवल्या तर प्रोग्राम गेला तरी हिशोब जात नाही.

५. नवा प्रोग्राम लिहून घेताना करारात दोन ओळी घालून घ्याव्यात: नोंदी खुल्या रूपात बाहेर काढण्याची सोय हवी आणि बनवणाऱ्याने धंदा बंद केला तर सोर्स गिऱ्हाइकाला मिळावा. सुरुवातीला हे मागायला संकोच वाटतो, पण नंतर मागायला माणूस सापडत नाही.

दुभाष्यामुळे आपल्याला सवड मिळते. त्याच्या जिवावर अनोळखी पेढीवर गुमास्ता काही वर्षे काम करू शकतो. पण तो दुभाषी कोणीतरी पगार देऊन किंवा स्वतःचा वेळ देऊन जागता ठेवलेला असतो. ज्या दिवशी ती मंडळी थकतील त्या दिवशी चिठ्ठ्या पुन्हा परक्या होतील. तोवरच्या काळात जो आपली खतावणी कोणत्याही पेढीवर वाचता येईल अशी करून ठेवील, त्याचा हिशोब त्याच्या हातात राहील.